जामदारांचं दार

रघुनाथ जामदार घराबाहेर पडले की पहिल्यांदा परत येतात ते गॅस बंद आहे का बघायला. दुसऱ्यांदा येतात ते कुलूप नीट लागलंय का बघायला. तिसऱ्यांदा मात्र ते परत येत नाहीत. सोसायटीच्या कोपऱ्यावर अ‍ॅक्टिव्हा थांबवून बायकोला, म्हणजे नीलिमावहिनींना, फोन करतात आणि कुलूप ओढून बघायला सांगतात. वहिनी घरातच असल्या, म्हणजे कुलपाचा प्रश्नच नसला, तरी हा फोन येतो. वहिनी "बघितलं हं" म्हणतात आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घालतात.

वहिनींच्या मते हा सगळा आडनावाचा दोष. रघुनाथरावांचे खापरपणजोबा संस्थानच्या काळात एका सरदारांचा जामदारखाना सांभाळत. शेले, शालू, पगड्या, तलवारींच्या म्याना, सगळं त्यांच्या ताब्यात. रोज संध्याकाळी दाराला कुलूप, कुलपाला कापड, कापडावर लाखेची मोहर. पुढे संस्थान गेलं, सरदार गेले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगाही गेला. कुलूप ओढून बघायची खोड तेवढी चार पिढ्या बिनबोभाट चालत आली आणि बडोद्यात हरणीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये येऊन थांबली.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात रघुनाथरावांनी चौतीस वर्षं एसी बसवले, दुरुस्त केले आणि शिव्या खाल्ल्या. साहेबांच्या केबिनमध्ये गार होत नाही, आणि अकाउंट्सवाल्या बाईंना तिथेच हुडहुडी भरते, हे कोडं त्यांना शेवटपर्यंत सुटलं नाही. अशा माणसानं निवृत्त झाल्यावर बिनएसीची इमारत बांधायला घ्यावी, ही गोष्ट ऐकून त्यांचे जुने सहकारी अजून हसतात.

त्याचं झालं असं. नागरवाड्यात एका ट्रस्टचं दोन खोल्यांचं संग्रहालय आहे. त्याचे प्रमुख भास्करराव, म्हणजे रघुनाथरावांचे लहानपणचे शेजारी. वयानं बारा वर्षांनी मोठे, म्हणून आजही हक्कानं अरेतुरे करणारे. संग्रहालयात मांडलेल्या वस्तू थोड्या आणि माळ्यावर कोंबलेल्या दसपट. पावसाळ्यात माळा ओला, उन्हाळ्यात भट्टी. भास्कररावांनी रघुनाथरावांना बोलावलं ते एवढ्याचसाठी, की सामान तरसालीच्या ट्रस्टच्या मोकळ्या जागेत हलवायचं आहे, तिथं एक हॉल बांधू, त्याला किती एसी लागतील ते सांग.

रघुनाथराव माळ्यावर चढले. हाताला लागेल ती पहिली पेटी उघडली. आत एक पगडी होती. एका बाजूला तिचा कुसुंबी रंग अजून शाबूत होता आणि दुसऱ्या बाजूला हिरवट बुरशीची लव चढली होती. त्यांनी ती उलटी केली तर आतल्या चिंधीवर शाईनं लिहिलेलं होतं, जामदार. त्यांच्या वडिलांनीच ती दिली होती, घरात कसर लागेल, संग्रहालयात जपली जाईल म्हणून. रघुनाथरावांना फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. चार पिढ्यांचे राखणदार, आणि पगडी घरचीच सडलेली.

पंधरा दिवसांनी ते भास्कररावांकडे गेले ते एसीचा हिशेब न घेता, भिंतीचा नकाशा घेऊन.

"मी तुला एसी सांगितला होता," भास्करराव म्हणाले.

"हो. पण तो नको."

"अरे, चौतीस वर्षं तेच लावत होतास ने?"

"म्हणूनच सांगतोय नको."

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. कारखान्यात एक बिनखिडकीची, जाड भिंतींची खोली होती. वार्षिक दुरुस्तीसाठी एकदा दहा दिवस सगळे एसी बंद ठेवले, तर त्या खोलीतला तापमापक जागचा हलला नाही. रघुनाथरावांनी तेव्हा ही गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण पोटावर पाय कोण आणील? पण ती त्यांच्या डोक्यात राहिली. निवृत्तीनंतर त्यांनी वाचून काढलं, की थंड देशांत संग्रहालयांची कोठारं आता अशीच बांधतात. भिंत जाड, छत जाड, खाली फक्त ओल अडवायची, थंडी-ऊब अडवणारा थर घालायचा नाही, म्हणजे मातीचा थंडावा आणि ऊब दोन्ही वर येतं, आणि हवा आतबाहेर करू द्यायची नाही. यंत्रं मग जवळजवळ लागतच नाहीत. तिथं भांडण थंडीशी असतं. आपल्याकडे ते पावसाळ्याशी आहे, एवढाच फरक.

"खिडक्या कुठे दाखवल्या आहेत?" भास्कररावांनी नकाशा फिरवून बघितला.

"नाहीत."

"एकही नाही? अरे, हवा खेळती नको का?"

"हवेनं खेळायचं नाही, भास्करराव. बसून राहायचं."

भास्करराव दीड तास भांडले आणि शेवटी लाइट बिलाच्या विचारानं हो म्हणाले. पण अट घातली. पहिला पावसाळा परीक्षेचा. थोडंच सामान ठेवायचं. हवेतला दमटपणा साठ टक्क्यांच्या वर चढला आणि दसऱ्यापर्यंत उतरला नाही, तर भिंतीला सहा भोकं पाडायची आणि सहा एसी लावायचे. ही अट लेखी झाली आणि रघुनाथरावांनी खाली सही केली. सही केल्यावर पेनाचं टोपण लागलंय का, तेही दोनदा बघितलं.

इमारत उभी राहिली ती बघून तरसालीचे लोक विचारायचे, ही पाण्याची टाकी आहे का? दुहेरी विटांची भिंत, आतून चुन्याचा गिलावा, छताच्या वर हातभर अंतर सोडून पत्र्याचं दुसरं छप्पर, त्यावर सौर पट्ट्या. दारं दोन, एकामागे एक, मध्ये माणूस उभा राहील एवढी खोली. बाहेरचं बंद केल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, असा नियम. दोन्ही दारांना फ्रिजच्या दाराला असतं तसं रबर. आत हवेतलं पाणी ओढणारं एक छोटं यंत्र, तेही दिवसा, उन्हावर चालणारं. आणि एक खोबऱ्याच्या वडीएवढा डबा, जो दर पंधरा मिनिटांनी तापमान आणि दमटपणा टिपून ठेवतो. ज्येष्ठाच्या अखेरीला चाळीस पगड्या, बारा शालू आणि दोन सारंग्या आत गेल्या. आतल्या हवेत दमटपणा होता चोपन्न टक्के. रघुनाथरावांनी दार लावलं, ओढून बघितलं आणि घरी गेले.

राखणीला गणपतराव होते. त्यांच्यासाठी रघुनाथरावांनी स्वतः एक नोंदवही आखून दिली. तारीख, वेळ, नाव, दार उघडण्याचे कारण. "कोणीही येऊ दे, नोंद झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. अगदी भास्करराव आले तरी."

"आणि साहेब, तुम्ही आलात तर?"

"मी आलो तरी!" रघुनाथराव गरजले. नियम म्हणजे नियम.

संग्रहालयाची व्यवस्था बघणारी पूर्वी नावाची मुलगी महिन्याच्या शेवटी त्या डब्यातली माहिती कॉम्प्युटरवर घ्यायची. आषाढाचा आलेख बघून रघुनाथरावांच्या तोंडचं पाणी पळालं. सरळ रेघ यायला हवी होती, तिथे करवतीचे दात उमटले होते. रोज दुपारी पाचच्या सुमाराला दमटपणा टुणकन वर, मग रात्रभर हळूहळू खाली, पण जिथून निघाला तिथपर्यंत कधीच नाही. महिनाभरात चोपन्नाचे एकोणसाठ झाले होते.

"कोणीतरी दार उघडतंय," रघुनाथराव म्हणाले.

"हो काका, असं दिसतं तर खरं," पूर्वी म्हणाली. ती हुशार मुलगी आहे. त्याहून जास्त काही बोलली नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून रघुनाथरावांची चौकशी सुरू. पहिला संशय गणपतरावांच्या उदबत्तीवर. गणपतरावांनी शपथेवर सांगितलं की उदबत्ती बाहेर, दत्ताच्या तसबिरीपुढे लागते. दुसरा संशय रबरावर. रबर बदललं. मग बदललेल्या रबरावर संशय आला, तेही बदललं. तिसरा संशय सुतारावर, की दाराची चौकट फुगली असेल. सुतारानं गुण्या लावून दाखवला तरी रघुनाथरावांचं समाधान होईना.

शेवटी रक्तातला जामदार जागा झाला. त्यांनी कागदाची पट्टी घेतली, तिच्यावर लफ्फेदार सही केली आणि दोन्ही दारांच्या फटीवर खळीनं चिकटवली. दार उघडलं की पट्टी फाटणार आणि चोर सापडणार. रोज संध्याकाळी येऊन ते पट्टी बघत. पट्टी जशीच्या तशी. मग ती फाडून, आत जाऊन, सगळं ठीक आहे ना बघून, बाहेर येऊन नवी पट्टी लावत. आणि तरीही पूर्वीनं मध्येच काढलेल्या आलेखावर रोजचा दात हजर.

दार लागलं त्या दिवसापासूनच चाललेलं हे रोज तरसालीला जाणं वहिनींना सांगून होत नसे. हरणीहून तरसाली म्हणजे अख्खं बडोदं ओलांडून पलीकडचं टोक. पण रघुनाथराव चारच्या चहानंतर पिशवी उचलत आणि म्हणत, "जरा कोथिंबीर घेऊन येतो." कोथिंबिरीसाठी तरसालीला जाणारा हरणीतला हा एकमेव गृहस्थ. दोन तासांनी, रेनकोटातून पाणी गाळत ते परत येत, कधी कोथिंबिरीसकट, बहुधा तिच्याशिवाय. वहिनींनी आयुष्यभर शाळेत मुलांची खोटी कारणं ऐकलेली. त्या काही विचारत नसत.

पण खरं सांगायचं तर रघुनाथराव नुसते तपासायला जात नसत. त्यांना ती खोली आवडायची. बाहेर रस्त्याचा गोंगाट, पाऊस, हॉर्न, आणि आत एकदम शांत. चुन्याचा कोरा वास. ते भिंतीला तळहात लावून उभे राहत. मग तिसऱ्या फळीवर, डावीकडे, साफ करून ठेवलेली ती पगडी बघत. दोन मिनिटं म्हणून जात आणि अर्धा तास तिथल्या स्टुलावर बसून राहत. ओला रेनकोट बिचारा मधल्या खोलीत पसरून वाळत ठेवलेला असे, बाहेर ठेवला तर कोणी उचलून नेईल म्हणून.

श्रावणात त्यांना आठ दिवस इंदूरला जावं लागलं. वहिनींच्या भाच्याकडे मुंज होती, मुलाला परदेशी जायचं म्हणून काढीव मुहूर्तावरची. तिथेही ते मांडवात बसून गणपतरावांना फोन करत होते, "दार बंद आहे ना?" आणि तिकडून उत्तर येत होतं, "बंध छे साहेब, एकदम बंध."

परत आले तोवर भास्कररावांचा धीर संपला होता. दमटपणा मधे एकसष्टवर गेलेला. त्यांनी एसीवाल्याला बोलावून भिंतीवर खुणाही करून घेतल्या होत्या. पांढऱ्या भिंतीवर निळ्या खडूनं काढलेले सहा गोल. रघुनाथरावांनी ते बघितले आणि एकेक करून मोजले. दाढ काढायच्या आधी डॉक्टर गालावर बोट ठेवतो, तसे ते गोल दिसत होते.

रविवारी पूर्वी नवा आलेख घेऊन हरणीला घरी आली. वहिनींनी शेवउसळ केली होती. टेबलावर लॅपटॉप ठेवून तिनं तो फिरवला.

"काका, जो ने, हे बघा."

रघुनाथरावांनी चष्मा लावला. दात, दात, दात, आणि मध्ये एकदम आठ दिवस सपाट रेघ. नुसती सपाटही नाही, सावकाश खाली उतरणारी. एकसष्टावरून सत्तावन्नापर्यंत. नंतर पुन्हा दात.

"बघितलंस?" रघुनाथराव टेबलावर हात आपटून म्हणाले. "इमारत ठणठणीत आहे! या आठ दिवसांत तो जो कोण आहे तो आलाच नाही!"

"हो ना काका. तोपण गावाला गेला होता."

"कुठे गेला होता?"

पूर्वीनं उसळीचा घास घेतला. वहिनी पदर तोंडाला लावून ओट्याकडे वळल्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

"अहो," त्या तिकडूनच म्हणाल्या, "मुंजीला."

रघुनाथराव एकदा पूर्वीकडे बघत राहिले, एकदा आलेखाकडे. मग उठले, चौकशीसाठी घरी आणलेली नोंदवही पिशवीतून काढली. ती त्यांनी कितीतरी वेळा चाळली होती, पण शोधलं होतं ते दुसऱ्याचं नाव. आता त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या अक्षरातल्या ओळी वाचल्या. वळणदार, कचेरीतल्यासारखं अक्षर. वेळ, पाच वाजून पाच मिनिटे. नाव, र. जामदार. कारण, दार बंद आहे किंवा कसे हे पाहण्यासाठी दार उघडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पानामागून पान. मुंजीचे आठ दिवस तेवढे कोरे.

"तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी पूर्वीला विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून," ती खाली बघून म्हणाली. "पण काका, तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही तिथून आलात की इतके खूष असायचात."

त्यांनी वही मिटून ठेवली. उसळ गार झाली.

पूर्वीनं सुचवलं की मंगळवारच्या ट्रस्टच्या बैठकीत नुसतं 'दार वारंवार उघडल्यामुळे' असं सांगू, नाव कशाला घ्यायचं? रघुनाथरावांना ते पटलंही, सोमवारी झोपेपर्यंत पटलेलंच होतं. रबर खराब निघालं, असं म्हटलं तर आणखी सोपं होतं. पण रबराला दोष दिला की इमारतीला दोष लागतो, आणि नाव न घेता सांगितलं की सगळ्यांचे डोळे गणपतरावांकडे वळणार. मंगळवारी ते उभे राहिले, नोंदवही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "इमारतीत एकच चूक आहे. ती रोज पाच वाजता अ‍ॅक्टिव्हावरून येते, ओला रेनकोट घालून."

क्षणभर कोणाला कळेना. मग भास्कररावांनी वही ओढून घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि एक पान मोठ्यांदा वाचलं. दुसरं वाचताना त्यांना हसू आवरेना. ट्रस्टचे पाचही सभासद हसले, दाराशी उभे गणपतरावही. रघुनाथराव लालबुंद होऊन उभे राहिले, पण खाली बसले नाहीत.

"दसऱ्याला किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"पस्तीस," भास्करराव डोळे पुसत म्हणाले.

रघुनाथरावांनी खिशातून आपल्याकडची किल्ली काढली. जुडगा नव्हताच, एकच किल्ली होती, लाल दोऱ्यात बांधलेली. ती त्यांनी पूर्वीच्या हातात दिली. देताना मूठ उघडायला जरा वेळ लागला, तो वेळ सगळ्यांनी बघून न बघितल्यासारखा केला.

ते पस्तीस दिवस कसे गेले ते वहिनींना विचारावं. रघुनाथरावांनी घरातला गॅस दिवसातून अकरा वेळा बंद केला. शेजाऱ्यांच्या गाड्यांची दारं ओढून बघितली. चार दिवस ते तरसालीला गेलेच नाहीत. पाचव्या दिवशी वहिनीच म्हणाल्या, "अहो, कोथिंबीर संपलीय." मग ते गेले, पण आत नाही. गणपतरावांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची टाकून बसले. गणपतरावांनी टपरीवरून दोन अर्धे चहा आणले.

"बंद आहे ना?"

"बंध छे, साहेब."

रघुनाथराव उठले, बाहेरच्या भिंतीला तळहात लावून दोन मिनिटं उभे राहिले आणि पुन्हा येऊन बसले. मग रोजच असं व्हायला लागलं. पाऊस पडत असला तर दोघं पत्र्याखाली बसत. दाराच्या कडीला त्यांनी एकदाही हात लावला नाही. लावावासा वाटला नाही असं मात्र मी म्हणणार नाही. रोज वाटला.

दसऱ्याला सकाळी दाराला झेंडूचं तोरण लागलं. पूर्वी सगळ्यांदेखत आत गेली, डबा घेऊन लगेच बाहेर आली. लॅपटॉपवर रेघ उमटली. पस्तीस दिवस, एकही दात नाही. शेवटचा आकडा पंचावन्न.

भास्करराव स्तुती करणाऱ्यांतले नाहीत. त्यांनी आकडा दोनदा वाचला, घसा खाकरला आणि सांगितलं की सगळे पाच-पाच मिनिटं आत जाऊन दसऱ्याचा नमस्कार करून येऊ, त्यापेक्षा जास्त नको. सभासद एकेक करून आत जाऊन आले. शेवटी पूर्वीनं रघुनाथरावांपुढे लाल दोऱ्यातली किल्ली धरली.

"काका, आता तुम्ही. पगडी बघून या."

रघुनाथरावांनी दाराकडे बघितलं. तिसरी फळी, डावीकडे. डोळे मिटले तरी त्यांना ती दिसत होती, कुसुंबी, कोरडी.

"राहू दे," ते म्हणाले. "सहा माणसं आत जाऊन आली आहेत. मी सातवा कशाला?"

भास्कररावांनी नळावर जाऊन एक फडकं भिजवून आणलं, रघुनाथरावांच्या हातात दिलं आणि भिंतीवरच्या निळ्या गोलांकडे बोट दाखवलं. "घे. तूच पूस."

"ओलं फडकं?" रघुनाथराव ओरडले. "भिंतीला? भास्करराव, तुम्हाला काही कळतं का?"

गणपतरावांनी धावत जाऊन कोरडं फडकं आणलं. रघुनाथरावांनी सहाही गोल घासून घासून पुसले, लांब जाऊन बघितले, परत येऊन दुसरा गोल पुन्हा पुसला. मग नोंदवही मागितली आणि खुर्चीत बसून त्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलं. वेळ, दहा वाजून चाळीस मिनिटे. नाव, र. जामदार. कारण, खडूच्या खुणा पुसल्या. दार उघडले नाही.